मस्टरवरची दुर्गा

गेल्या महिन्यात अकोल्याहून कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड आलं. मी नुकतीच दवाखान्यातून ड्यूटी संपवून आले होते, पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. कोपरा फाडलेलं कार्ड घरात नेऊन वाचत नाहीत, म्हणून पायरीवरच उभ्यानं वाचलं. ‘आमच्या सौ. मालतीबाई यांचे अल्पशा आजाराने निधन झाले’, आणि खाली वसंतराव वकिलांची सही. मालतीबाई म्हणजे कोण हे कळायला मला वेळ लागला नाही. राग यायला त्याहूनही कमी लागला. जिला मी वीस वर्षं ओळखत होते तिचं नाव दुर्गा होतं. दुर्गा पातुरकर. कार्डावर ते कुठंच नव्हतं, आणि दोन दिवसांनी वर्तमानपत्रात जी चार ओळींची बातमी आली तिच्यातही नव्हतं. म्हणून हा लेख मी लिहायला घेतला. मला लिहिण्याची सवय नाही. मी नर्स आहे, तापाचे तक्ते भरते. तेव्हा काही ठिकाणी भाषा कोरडी वाटली तर वाचकांनी चालवून घ्यावं.

दुर्गा पातूरची. वडील भिक्षुकी करायचे, घरात खाणारी तोंडं सहा आणि दक्षिणा सव्वा रुपया. अमरावतीला कॉलेजात आम्ही पहिल्या वर्षाला एका बाकावर आलो. ती समाजाच्या मुलींच्या वसतिगृहात राहायची आणि रविवारी आमच्याकडे जेवायला यायची, कारण रविवारी संध्याकाळी वसतिगृहाची चूल बंद असे. आमचे बाबा जिनिंग फॅक्टरीत मुनीम होते. कपाशीच्या मोसमात त्यांच्या धोतरालाच नव्हे, मिशांनाही रुई चिकटलेली असायची, आणि ही पोरगी जेवता जेवता त्यांना म्हणायची, “काका, मिशीतला माल तोलून घ्या, शेठचा निघन.” आमच्या घरात बाबांना असं बोलणारी दुसरी कोणी नव्हती. आई गोळाभाताची कढी वाढता वाढता म्हणायची, “या पोट्टीच्या तोंडाले कुलूप नाही.” आणि आणखी एक गोळा तिच्याच ताटात घालायची.

इंटरनंतर मी नर्सिंगला गेले. दुर्गानं बी.ए. आणि पुढं शिक्षिका होण्यासाठी बी.टी. केलं, आणि ते तिनं केलं कर्जावर. समाजाच्या शिक्षण फंडातून होतकरू मुलामुलींना कर्जाऊ शिष्यवृत्ती मिळत असे. व्याज नाही, पण नोकरी लागल्यावर सहा महिन्यांत हप्ते सुरू करायचे. एकीनं परत केलेले पैसे दुसरीला द्यायचे, असा तो फिरता पैसा. कर्जरोख्यावर कायम पगार असलेल्या माणसाची जामीन म्हणून सही लागे. भिक्षुकाची सही चालत नव्हती. दुर्गा आमच्या घरी कागद घेऊन आली तेव्हा बाबांनी चष्मा शोधायच्या आधी टाक शोधला. तिनं त्यांना थांबवलं. “काका, वाचून तर घ्या.” बाबा म्हणाले, “तुले वाचलं ना मी दोन वर्षं. कागद काय वाचू?” …माझे बाबा असे होते. या गोष्टीत पुढं जे बिघडलं त्याला वकिलांच्या घराइतकाच त्यांचा हा भलेपणाही कारण आहे, आणि मी ते लपवणार नाही.

तिला अकोल्याचं स्थळ आलं तेव्हा पाहण्याच्या दिवशी मी पातूरला तिच्याबरोबर होते, पोह्यांच्या बशा मीच भरत होते. मुलगा वसंतराव, नुकताच वकील झालेला. त्याचे वडील दादासाहेब, पेन्शनीत निघालेले. देण्याघेण्याचं बोलणं निघालं तसं दादासाहेब म्हणाले की आमचं काही मागणं नाही, फक्त वसंताच्या नागपूरच्या शिक्षणासाठी त्याच्या मामाकडून रक्कम घेतली आहे, तेवढी मोकळी व्हावी. म्हणजे मुलाच्या शिक्षणाचं देणं मुलीच्या बापानं फेडायचं. याला त्यांच्या तोंडी हुंडा हा शब्द नव्हता. दुर्गाच्या आईनं आतल्या खोलीत बसून हातातल्या पाटल्या तिथंच काढायला सुरुवात केली. साबण लावूनही निघत नव्हत्या. शेवटी मी तेल आणलं.

आणि तेव्हाच दुर्गा, जिनं मान खाली घालून बसायचं होतं, ती मान वर करून म्हणाली, “माझ्यावरही फंडाचं कर्ज आहे. ते मी माझ्या पगारातून फेडणार आहे. आधी सांगितलेलं बरं.” तिच्या वडिलांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. दादासाहेब हसले. त्यांचं हसू मोठं गोड होतं. म्हणाले, “पोरी, तू आमची झालीस की तुझं जे काही असेल ते आमचंच.” सगळ्यांना फार बरं वाटलं. मलाही वाटलं. मी त्यांना दुसऱ्यांदा पोहे वाढले.

लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नाव काढलं, मालती. दुर्गाला आधी कोणी विचारलं नव्हतं. विचारायची पद्धतच नाही. मी तिच्या कानात म्हटलं, “आमच्या शेजारच्या गाईचं नाव मालती आहे.” तिला इतकं हसू आलं की मुंडावळ्या हलायला लागल्या आणि बायकांना वाटलं नवरी रडते आहे. त्या दिवशी आम्ही दोघी हसलो. नाव काय, बदललं तर बदललं. पदवीच्या कागदावर कुठं बदलणार होतं?

तिला अकोल्यात मुलींच्या शाळेत नोकरी लागली. पहिला पगार तिनं देवापुढं ठेवला, देवापुढून दादासाहेबांनी उचलला, आणि पुढं तोच रिवाज झाला. सहाव्या महिन्यात तिनं वसंतरावांकडे हप्त्याची गोष्ट काढली. “मी बघतो. तू त्यात लक्ष घालू नकोस”, असं ते म्हणाले. दोन महिन्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, “व्यवस्था झाली आहे.” वकील माणूस, समाजाचा फंड, पुरुषांचा व्यवहार. तिनं विश्वास ठेवला. नवऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्या बाईला मी मूर्ख म्हणणार नाही, पण पावती मागायला हवी होती. हे मी तिला पुढं तोंडावर सांगितलं आहे, म्हणून इथंही लिहिते.

इकडं अमरावतीत काय झालं ते असं. फंडाचे चिटणीस एका संध्याकाळी आमच्या घरी आले आणि त्यांनी बाबांपुढं तीन पाकिटं ठेवली. तिन्ही फंडानं कु. दुर्गा पातुरकर हिच्या नावे अकोल्याच्या पत्त्यावर पाठवलेली, आणि तिन्ही न फोडता परत आलेली. पाकिटावर लाल शाईत लिहिलेलं होतं, ‘या नावाची व्यक्ती या घरात राहत नाही.’ चिटणीस भला माणूस होता. म्हणाला, “मुनीमजी, माझा नाइलाज आहे. हिवरखेडची एक मुलगी या पैशांवर बसून आहे. तिचं वर्ष जाईल.” बाबांनी त्याच महिन्यापासून हप्ता भरायला सुरुवात केली. मी म्हटलं दुर्गाला पत्र टाकते. बाबा म्हणाले, “नको. पोर अडचणीत असन. आपण जामीन राहिलो ते कशासाठी? ज्याच्यासाठी सही केली त्याच्या दारात वसुलीले जात नसतात.” आई म्हणाली, “अडचण कायची? वकिलीण झाली ते. आता तिले मुनीम कायले पाहिजे?” आणि मी, जिला आपण फार व्यवहारी आहोत असं वाटतं, ती आईच्या बाजूला गेले. मला ती तीन पाकिटं डोळ्यांपुढं दिसत होती. स्वतःच्या नावाचं पाकीट जी परत पाठवते तिला मी कशाला पत्र लिहू? अडीच वर्षं मी तिला एक ओळ लिहिली नाही. तिची दोन पत्रं आली, त्यांना उत्तर दिलं नाही. त्या अडीच वर्षांचा राग मला वकिलांइतकाच स्वतःवर आहे.

मग एका मे महिन्यात ती आली. शिक्षकांचं शिबिर होतं अमरावतीला. दुपारची वेळ, अंगणातली माती पायाला चटके देत होती, आणि ही कडेवर दीड वर्षाची नंदा घेऊन, काखेत बाबांसाठी धोतरजोडीचं पुडकं धरून, हसत दारात उभी. “काकू, कढी आहे का?” असं तिनं बाहेरूनच ओरडून विचारलं. आमच्या वऱ्हाडात मे महिन्यात वैरी दारात आला तरी त्याला आधी पाणी देतात. आईनं माठातून एक फुलपात्र भरलं, नंदाच्या तोंडाला लावलं, आणि ते रिकामं फुलपात्र माठावर पालथं घातलं. दुर्गाला दिलं नाही. दुर्गा त्या माठाकडे बघत राहिली.

“काकू, काय झालं?”

“काहून आली वं?” आई म्हणाली. “म्हातारा या वयात तुयं कर्ज फेडून राहिला आन तू धोतर घेऊन येते? त्याच्या अंगावर धोतर आहे. तुले लाज आहे का ते पाय.”

“कोणतं कर्ज? ते तर ह्यांनी…”

मी आतून तीन पाकिटं आणून तिच्या पुढ्यात ठेवली. बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. तिनं पहिलं पाकीट उचललं, लाल शाईची ओळ वाचली, दुसरं उचललं, तिसरं उचललं. मग अगदी हळू म्हणाली, “अक्षर ह्यांचं आहे.” आणि पाकिटं खाली ठेवत, “मले माहीत नव्हतं, सिंधे. नंदाची शपथ.” शपथेची गरज नव्हती. माणसाला धक्का बसल्यावर त्याची नखं कशी पांढरी होतात हे मी रोज बघते. आईनं माठावरचं फुलपात्र सुलटं केलं, पाणी भरलं, बरोबर गुळाचा खडा आणला. दुर्गानं पाणी घेतलं नाही. आधी विचारलं, “काकांनी किती भरले?” मी सांगितलं. मग ती पाणी प्याली, सगळं, एका दमात, आणि म्हणाली, “उद्या माझ्यासोबत अकोल्याले चाल. मी एकटी गेली तर रडन. तू असली म्हणजे भांडन.”

शिबिर तिनं सोडलं. दुसऱ्या दिवशी आम्ही बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला गेलो. मूर्तिजापूरपर्यंत ती भुईमुगाच्या शेंगा सोलून नंदाला भरवत राहिली. मूर्तिजापूर सुटल्यावर विचारलं, “मस्टरवर सही कोण करते, सांग बरं?” मला वाटलं उन्हानं हिचं डोकं फिरलं.

वकिलांच्या बैठकीत तेव्हा हिवरखेडकडचे दोन पक्षकार बसलेले होते, धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या भांडणाचे. मला वाटलं दुर्गा आत जाईल आणि ते निघून जाण्याची वाट पाहील. ती गेली नाही. तिनं नंदाला माझ्याकडे दिलं आणि तिन्ही पाकिटं वसंतरावांच्या टेबलावर ठेवली. ते पाकिटांकडे बघून माझ्याकडे बघत म्हणाले, “सिंधूताई, हा आमच्या घरचा प्रश्न आहे.”

“माझ्या बाबांच्या पगारातून चालला आहे तोपर्यंत आमच्याही घरचा आहे”, मी म्हटलं.

“हे बघा, लग्नाआधीचं कर्ज आहे. कायद्यानं नवऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. फंडाला विचारा, कोणत्याही कोर्टाला विचारा.”

कायद्यानं त्यांचं बरोबर होतं. याचाच मला आजही संताप येतो, की तो माणूस चुकीचं बोलत नव्हता. मी म्हटलं, “आणि तुमच्या मामाचं कर्ज? तेही लग्नाआधीचंच होतं. त्याला हिच्या आईच्या पाटल्या गेल्या.”

आतून दादासाहेब आले, उपरणं सावरत. पाकिटं बघून त्यांचा चेहराही हलला नाही. “खोटं काय लिहिलंय त्यात?” ते म्हणाले. “दुर्गा म्हणून आमच्या घरात कोणी नाही. चार लोकांसमोर ताटात नाव काढून आणली, ती मालती. मालतीनं कोणाचं कर्ज काढलेलं नाही. दुर्गा होती पातूरच्या भटजींची. तिचं देणं त्यांनी द्यावं, नाहीतर जामीन राहिले त्यांनी.”

“मी तुमची झाले की माझं जे असेल ते तुमचंच, असं तुम्ही म्हणाला होता, दादासाहेब.”

“हौसेनं बोललेलं कोणी असं धरून ठेवतं का, मालती?”

दुर्गानं डोक्यावरचा पदर नीट केला. आवाज चढवला नाही. वर्गात फळ्यावर गणित समजावताना लावायची तोच आवाज. “बरं. दुर्गा इथं राहत नाही. मग दर महिन्याच्या एक तारखेला तुमच्या हातात येतो तो पगार कोणाचा?”

“तुझा. म्हणजे घरचा.”

“शाळेच्या मस्टरवर मालती नाही. मस्टरवर दुर्गा पातुरकर आहे, कारण सर्टिफिकेटावर तेच आहे. सही दुर्गा करते. पैसे दुर्गाला मिळतात. मुख्याध्यापिकाबाई दोनदा म्हणाल्या, नाव बदलून घ्या. मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, त्याला प्रतिज्ञापत्र लागतं, सरकारी गॅझेटात जाहिरात लागते, फुकटचा खर्च कशाला?” ती वसंतरावांकडे वळली. “म्हणालात ना?”

वकीलसाहेबांनी टेबलावरच्या दौतीचं बूच बसवलं, काढलं, पुन्हा बसवलं. कोपऱ्यातल्या पक्षकारांपैकी म्हातारा होता तो दुसऱ्याला कोपर मारून म्हणाला, “बापा, वकिलापेक्षा वकिलीणबाई बराबर बोलून राहिल्या. आपली केस यायलेच देऊ.” दादासाहेब त्याच्यावर कडाडले. पण बोलणं झालं होतं.

“दुर्गा या घरात राहत नसेल तर तिचा पगारही इथं येणार नाही”, दुर्गा म्हणाली. “एक तारखेपासून आधी काकांचे पैसे, मग फंडाचे. कर्ज फिटेपर्यंत.”

ते ‘फिटेपर्यंत’ मला तेव्हाच खटकलं. स्टेशनवर मला सोडायला आली तेव्हा मी म्हटलं, “फिटेपर्यंत काहून म्हटलं? तुझा पगार आहे, कायमचा ठेव.” ती म्हणाली, “मले घर चालवायचं आहे, सिंधे. तुले नाही.” मी लग्न केलेलं नाही, माझं नाव कोणी ताटात काढलं नाही, हे खरं. पण मला ते पटलं नव्हतं, आजही पटत नाही. कर्ज फिटलं त्या महिन्यात तिनं पगार पुन्हा देवापुढं ठेवायला सुरुवात केली. इतकी सरळ बोलणारी बाई, आणि जिंकलेलं शेत स्वतःच्या हातानं परत देऊन आली. मी महिनाभर तिच्यावर चिडून होते.

पण त्याआधीची पाच वर्षं सांगायला हवीत. त्या पाच वर्षांत आमचं वऱ्हाड मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं आणि मुंबई राज्यातून महाराष्ट्रात आलं. सरकारी कागदांवरची नावं दोनदा बदलली, आणि आमच्या दवाखान्याची जुनी देणी कोणी बुडवल्याचं मी ऐकलं नाही. वकिलांच्या घरात मात्र दुर्गाला त्या हप्त्याची किंमत रोज मोजावी लागली. भांडीधुण्याची बाई दुसऱ्याच आठवड्यात काढली. “पगार घरात येत नाही, बाई कशी परवडणार?” शाळेत जाण्याआधी वीस माणसांच्या पोळ्या करून जाईल अशी ती नव्हती, पण सात माणसांच्या करून जायची. वसंतराव तिच्याशी सरळ बोलेनासे झाले. नंदा बोलायला लागल्यावर तिच्यामार्फत बोलायचे, “आईला सांग, कोट कुठं आहे?” मले-तुले बोलायला तिथं आधीच बंदी होती, सासूबाईंच्या कानाला ते खेड्यातलं वाटे. घरी आलेलं पत्र आधी दादासाहेब फोडत.

म्हणून ती पत्रं लिहीत नव्हती. मनीऑर्डर करायची. दर महिन्याच्या दोन किंवा तीन तारखेला, शाळेतून परतताना, पोस्टाच्या खिडकीशी उभी राहून. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली मजकुरासाठी एक कूपन असतं, बोटभर जागा. बाकीचे लोक तिथं ‘पैसे मिळाल्याचे कळवावे’ असं लिहितात. दुर्गा तिथं बाबांना बातमी द्यायची, आणि ती वऱ्हाडीत. “काका, पाचवीच्या पोट्ट्यांनी आज इन्स्पेक्टरले रडवलं.” “काका, वांगे लय महाग, तुमच्या मिशीतली रुई विका.” “काका, नंदा शाळेत गेली, मास्तरले म्हणते तू बस.” टाक इतका दाबून लिहायची की अक्षर कागदाच्या मागून हातानं वाचता यावं. पाठवणाऱ्याचं नाव दुर्गा पातुरकर, पत्ता शाळेचा. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा, बाबा ते न मोजता आईकडे द्यायचे आणि कूपन घेऊन उजेडाला जायचे. मग ते भिंतीवरच्या तारेत खोचायचे, जिथं घरातली बिलं असत. बिलं पुढं त्यांनी दुसऱ्या खिळ्याला लावली.

बाबांचे पैसे फिटले, मग फंडाचे उरलेले हप्तेही तिनं बाबांच्याच नावानं पाठवून त्यांच्या हातून भरले. शेवटचा हप्ता फंडात जमा झाला त्याच्या पुढच्या महिन्यात बाबा दोन तारखेला दारात बसून होते. मी म्हटलं, “आता काय येणार आहे?” ते म्हणाले, “काही नाही, उगाच.” तीन तारखेला पोस्टमन आला. दुर्गाची एक रुपयाची मनीऑर्डर. कूपनवर लिहिलेलं, “काका, कर्ज फिटलं. आता हा रुपया कागदाच्या भाड्याचा.” तेव्हापासून दर महिन्याला एक रुपया येत राहिला. पगार ती पुरता घरी देत होती, हा रुपया शिकवणीचा होता, तेवढा तिनं कोणाला सांगितला नाही. बाबा गेले तेव्हा ती आली, दोन दिवस राहिली, आईच्या पाठीला पाठ लावून झोपली. पुढच्या महिन्यापासून रुपया माझ्या नावानं यायला लागला.

आता ती गेली. कर्जानं गेली असं मी म्हणणार नाही. कावीळ झाली, अंगात आधीपासून रक्त कमी, आठ दिवस काढ्यांत आणि उसाच्या रसात घालवले, दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. दहा-बारा वर्षं दोन माणसांचं काम करणाऱ्या बाईच्या अंगात रक्त का कमी असतं हे वाचकांना मी समजावून सांगायची गरज नाही.

अकोल्यात शाळेनं शोकसभा घेतली. मी गेले होते. वसंतराव बोलायला उभे राहिले. चष्मा पुसून म्हणाले, “मालती माझ्या घरी आली तेव्हा खेड्यातली साधी मुलगी होती. तिच्या शिक्षणाचं चीज व्हावं म्हणून मी तिला कधी नोकरीला आडकाठी केली नाही.” सभेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी उठणार होते. पण पुढच्या रांगेत नंदा बसली होती, दोन वेण्या घातलेली, आईसारखीच ताठ मान. मी बसून राहिले, चहा घेतला आणि परत आले. तिथं न बोलल्याचं मला वाईट वाटत नाही. पण बोलायचं ते कुठंतरी बोलायला हवंच होतं.

पंधरा दिवसांनी संधी आपणहून आली. गेली तीन वर्षं मी त्याच शिक्षण फंडाच्या समितीवर आहे. फंडाची नवी इमारत या वर्षी झाली आणि दिवाणखान्यात मोठी लाकडी पाटी लावली आहे. कर्ज पूर्ण परत करणाऱ्या मुलामुलींची नावं तिच्यावर रंगवली आहेत. बैठकीत चिटणीसांनी वसंतराव वकिलांचा अर्ज वाचून दाखवला. त्यांना दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ फंडाला देणगी द्यायची होती. सोबत विनंती, की पाटीवरचं ‘कु. दुर्गा पातुरकर’ हे नाव काढून त्या जागी ‘कै. सौ. मालतीबाई’ असं, पुढं त्यांच्या नावासकट आणि आडनावासकट, लिहिण्यात यावं. कर्ज होतं तेव्हा त्या नावाची कोणी त्यांच्या घरात राहत नव्हती. फिटल्यावर मात्र ते त्यांच्या घरचं झालं.

समितीतले एक जण म्हणाले, “सिंधूताई, बाई तर एकच ना. नावात काय आहे? देणगी चांगली आहे.” मी म्हटलं, “दप्तर काढा.” चिटणीसांनी जुना कर्जरोखा काढला, जामीन म्हणून बाबांची सही असलेला. वहीही काढली. मग अर्जावर मी माझ्या हातानं शेरा लिहिला, लाल शाईत, ‘या नावाच्या कोणीही या फंडाकडून कर्ज घेतलेले नाही व फेडलेले नाही’, आणि अर्ज अकोल्याला परत पाठवला. देणगी आली नाही. दोन सभासद अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. त्या पैशांत एका मुलीची वर्षाची सोय झाली असती हे मला माहीत आहे. ती मी माझ्या पगारातून करते आहे, आणि पावती घेते आहे.

बाबांची तार अजून स्वयंपाकघराच्या दाराशी आहे. कूपनं इतकी झाली आहेत की तार खालून वाकली. सगळ्यात वरचं कूपन पोस्टकार्डाच्या बारा दिवस आधी आलेलं. त्या दिवशी मी वाचून, दवाखान्यात भरती हो असं चार ओळींचं पत्र शाळेच्या पत्त्यावर टाकलं आणि ड्यूटीवर गेले. ती शाळेत जायची थांबली होती, त्यामुळे ते तिला मिळालंही नसेल. कूपनमधलं दुसरं काम राहूनच गेलं. फंडाची इमारत आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे, पण नवी पाटी बघायला मी गेले ती कार्ड आल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी.

“सिंधे, डोळे पिवळे झाले, उसाचा रस पिऊन राहिली. नव्या पाटीवर माझं नाव बराबर लिवलं का, जाऊन पाहून ये. दुर्गा.”

पाहून आली, दुर्गे. बराबर लिवलं आहे.